पाण्यावरचा पुदिना: पानं भरपूर, पण वास नाही. कोणतं पूरक द्यावं?

ओलीपाटी
नमस्कार मंडळी. चार महिने झाले, पाण्यावर पुदिना वाढवतेय. ४० लिटरची झाकण असलेली टाकी, आत एअर पंप, वर जाळीच्या कुंड्यांत आठ रोपं. सगळी एकाच रोपाच्या काड्यांपासून केलेली. जात स्पिअरमिंट, पेपरमिंट नाही. खत म्हणजे तयार मिळणारं ए आणि बी असं दोन बाटल्यांचं द्रावण.

वाढ जोरदार आहे. पानं मोठी, लुसलुशीत, दर दहा दिवसांनी कापणी होते. पण पान चुरगळून नाकाशी धरलं की आधी गवताचा वास येतो आणि पुदिना मागून कुठून तरी येतो. याच काड्यांमधलं एक रोप मातीच्या कुंडीत आहे. ते बिचारं खुरटं आहे, पण जाता-येता हात लागला तरी दरवळतं. शिवाय टाकीतल्या रोपांची शेंड्याकडची पानं महिनाभर फिकट पडत चालली आहेत.

गेल्या पंधरवड्यात एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाकलं, मग समुद्री शेवाळाचा अर्क, मग ह्युमिक आम्ल आणि शेवटी पोटॅशचं बूस्टर. फरक शून्य. उलट टाकीच्या कडा बुळबुळीत झाल्या. आता सिलिका आणि अमिनो आम्लं घ्यावीत असं वाचलं. घेऊ का? मला हा पुदिना खरंच चांगला करायचा आहे, नुसता हिरवा नाही.

प्रयोगवही
ताई, बाटली विकत घेण्याआधी थोडी माहिती द्या. नुसत्या पाण्याचा (खत न घालता) पीएच आणि ईसी (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचं माप) किती? खत घातल्यावर किती? दुपारी टाकीतल्या पाण्याचं तापमान? थेट ऊन किती तास? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिकट पानं फक्त शेंड्याचीच आहेत की खालचीही? शिरा हिरव्या राहिल्यात का?

ओलीपाटी
आत्ताच मोजलं. नुसतं पाणी: पीएच ७.४, ईसी ०.७. टाकी: पीएच ७.३, ईसी २.६. दुपारी पाणी २९ अंश. थेट ऊन सकाळी साधारण तीन तास, नंतर सावली. खालची पानं गडद हिरवी आहेत. फक्त नवीन पानं पिवळट, आणि शिरा मात्र हिरव्यागार, जाळीसारख्या उठून दिसतात.

प्रयोगवही
मग तुमच्या रोपाने उत्तर स्वतःच दिलंय. नवीन पान पिवळं, शिरा हिरव्या, जुनी पानं ठीक, ही लोहाच्या कमतरतेची खूण. लोह एकदा पानात बसलं की रोपाला ते तिथून काढून नव्या पानाला देणं जवळजवळ जमत नाही, म्हणून नवीन पान आधी उपाशी राहतं. मॅग्नेशियमचं उलटं असतं. ते रोप जुन्या पानातून काढून वर पाठवतं, त्यामुळे शिरांमधला पिवळेपणा खालच्या पानांवर दिसतो. म्हणजे एप्सम सॉल्ट तुम्ही रोपाने न मागितलेल्या गोष्टीसाठी टाकलंत.

आता मुद्दा असा की तुमच्या ए-बी खतात लोह असणारच. ते टाकीत आहे, पण रोपाला मिळत नाहीये. लोहाला विरघळलेलं ठेवायला चिलेटची, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रेणूची, पकड लागते. बऱ्याच खतांत ती ईडीटीएची असते आणि पीएच ६.५ च्या वर ती सुटायला लागते. डीटीपीएची पकड साधारण ७ पर्यंत टिकते. ईडीडीएचए ९ च्या आसपासही टिकतं, पण पाणी लालसर करतं. तुमचा पीएच ७.३. लोह सुटलं की त्याचा गंजासारखा साका होतो आणि तो मुळांच्या कामाचा नाही.

पुदिन्याला ५.५ ते ६.५ मधला पीएच मानवतो. मी ६ च्या आजूबाजूला ठेवतो. आधी तिथे या. पूरकांचं नंतर बघू.

जुनं_खोड
वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट राहिली. नुसत्या पाण्याचा ईसी ०.७ म्हणजे पाणी बहुधा जड आहे, त्यात बायकार्बोनेट भरपूर असणार. अशा पाण्याचा पीएच आज खाली आणलात तरी दोन दिवसांत परत वर चढतो, कारण बायकार्बोनेट आम्ल गिळत राहतं. त्यात रोप नायट्रेट उचलतं तेव्हाही मुळांभोवतीचा पीएच वर सरकतो. म्हणून एकदा आम्ल घालून विसरून जाऊ नका.

सायट्रिक आम्ल वापरू नका. जंतू ते खाऊन टाकतात आणि पीएच होता तिथे येतो, वर बुळबुळीतपणा वाढतो. फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्लाचं पातळ केलेलं तयार द्रावण मिळतं, ते घ्या. हातमोजे, चष्मा घाला. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि हे सगळं खत घालण्याआधी नुसत्या पाण्याला करून रात्रभर ठेवा, सकाळी परत मोजा. मी कित्येक वर्षं असंच करतो, खताच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पानगळ
काका, जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधीच असतं ना? मग कॅल-मॅग वगैरे लागत नसेल?

जुनं_खोड
बरोबर. कॅल-मॅग ही आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याची गरज. जड पाण्यात ते घालणं म्हणजे भरल्या ताटात वाढणं. पण पाण्यात कोणते क्षार आहेत ते ईसी मीटर सांगत नाही. मीटर फक्त एकूण क्षार मोजतो. त्यात सोडियम असेल तर ते रोपाला नको असतं आणि टाकीत साचत जातं. म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून ताजं द्रावण भरायचं. वरून खत घालत राहिलं की ईसी ठीक दिसतो आणि आतला तोल केव्हाच गेलेला असतो.

तेलबिंदू
वासाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. माझा अभ्यासाचा विषयच सुगंधी तेलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पुदिन्याचा वास पानाच्या आत सगळीकडे पसरलेला नसतो. पानाच्या पृष्ठभागावर, विशेषतः खालच्या बाजूला, बारीक गोल ग्रंथी असतात. साध्या भिंगातून त्या चमकत्या ठिपक्यांसारख्या दिसतात. तेल तिथे बनतं आणि तिथेच साठतं. स्पिअरमिंटमध्ये मुख्य घटक कार्व्होन, पेपरमिंटमध्ये मेन्थॉल. दोघांची सुरुवात एकाच पदार्थापासून होते, लिमोनीन. पुढे वाटा वेगळ्या होतात. त्यामुळे स्पिअरमिंटला कितीही पूरकं द्या, मेन्थॉलचा थंडावा येणार नाही. ती अपेक्षा असेल तर आधीच सोडा.

लिमोनीनच्या आधीची कच्ची सामग्री हरितलवकांसारख्या कणांत तयार होते. तिथल्या साखळीतले दोन एन्झाइम लोह आणि गंधकाच्या गुच्छांवर चालतात. लिमोनीन बनवणाऱ्या एन्झाइमला मॅग्नेशियम किंवा मँगनीज लागतं. म्हणजे लोह कमी पडलं तर हिरवेपणा तर जातोच, पण वासाच्या कारखान्यालाही झळ लागू शकते. पण याचा उलटा अर्थ काढू नका. पुरेसं लोह असताना आणखी दिलं तर वास आणखी वाढेल, असं नाही. कमतरता भरून निघते, त्यापुढे क्षारच वाढतात.

आणि आता माझा ताईंना खरा प्रश्न. तुम्ही दर दहा दिवसांनी कापता?

ओलीपाटी
हो. शेंडे कोवळे असतानाच घेते. कोवळ्या पानात वास जास्त असेल असं मी धरून चालले होते.

तेलबिंदू
इथेच बरंचसं हरवतंय. पेपरमिंटवर याचं नीट संशोधन झालंय. पानातलं तेल मुख्यतः पान साधारण १२ ते २० दिवसांचं असताना बनतं. त्याआधी ग्रंथी असतात, पण भरलेल्या नसतात. स्पिअरमिंटचे दिवस थोडे इकडेतिकडे होतील, तत्त्व तेच. दहा दिवसांनी शेंडा खुडलात तर तुम्ही घडा भरायच्या आधीच उचलताय.

दुसरं, ऊन. तीन तास फारच कमी. तेल बनवायला कार्बन लागतो आणि तो रोप प्रकाशाच्या जोरावर हवेतून घेतं. कमी प्रकाशात भरपूर नत्र मिळालं की रोप लांब पेरं आणि मोठी, पातळ, पाणीदार पानं काढतं. तुमच्या मातीतल्या रोपाकडे बघा, ते उन्हात आहे ना?

ओलीपाटी
आहे! कठड्यावर. दिवसभर ऊन खातं. मी चार महिने त्याचं श्रेय मातीला देत होते.

रानवाट
माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. पुदिन्याला ताण दिला की वास येतो. शेवटच्या आठवड्यात मी खत पूर्ण बंद करतो, नुसतं पाणी. पानं लहान राहतात पण वास तिखट होतो.

तेलबिंदू
रानवाट, तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे. वाढ मंदावली की तेवढंच तेल लहान पानात दाटतं, म्हणून वास तीव्र लागतो. पण एकूण तेल वाढलंय असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि ज्या रोपाला आधीच लोह मिळत नाही त्याला उपाशी ठेवणं मला पटत नाही. नत्र थोडं खाली आणणं वेगळं, सगळंच बंद करणं वेगळं.

प्रयोगवही
याला जोडून: ईसी २.६ सावलीतल्या रोपाला जास्तच आहे. १.६ ते २ मध्ये पुदिना मजेत राहतो. आणि पोटॅशचं बूस्टर ताबडतोब थांबवा. पोटॅशियम जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी उचलतात. म्हणजे एका बाटलीने आणलेली कमतरता भरायला दुसरी बाटली, असा फेरा सुरू होतो.

पानगळ
शेवाळाच्या अर्काचं काय? मी कोकोपीटमध्ये वापरते, चांगला वाटतो. काड्या रुजवताना तर नक्कीच.

प्रयोगवही
कोकोपीटमध्ये वापरा. ताईंची टाकी म्हणजे हवा खेळणारं नुसतं पाणी. त्यात सेंद्रिय काहीही टाकलं की जंतूंची मेजवानी, आणि ते मुळांच्या वाटचा ऑक्सिजन खातात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. २९ अंशांचं पाणी आणि वर बुळबुळीत थर, हे पिथियमला म्हणजे मूळकुजीला आमंत्रण आहे. ताई, मुळं पांढरी आहेत ना?

ओलीपाटी
मलईच्या रंगाची आहेत, टोकं थोडी तपकिरी. कुजका वास नाही.

प्रयोगवही
मग वेळेत आहात. टाकी घासून धुवा, बाहेरून पांढरं कापड किंवा चकचकीत फॉइल गुंडाळा. प्रकाश आत गेला नाही तर शेवाळही होत नाही आणि लोहाचं चिलेटही टिकतं, कारण ते उजेडात मोडतं.

आणि विनंती, सगळं एकदम बदलू नका. दोन २० लिटरच्या बादल्या घ्या, चार-चार रोपं. दोन्हीत तेच खत, ईसी १.८, पीएच ६. एकीत फक्त डीटीपीए लोह जास्त. तुमचं तुम्हालाच कळेल पूरकाने काय केलं.

मोजमाप देतो. डीटीपीए पावडरीत बहुधा ११ टक्के लोह असतं, पाकिटावर बघून घ्या. १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून गडद बाटलीत ठेवा. त्याच्या एक मिलीत १.१ मिलिग्रॅम लोह आलं. २० लिटरमध्ये २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) वाढवायला ४० मिलिग्रॅम हवं, म्हणजे साधारण ३६ मिली. चमच्याने अंदाज घेऊ नका.

एप्सम सॉल्टचं गणितही लिहून ठेवा, पुढे लागेल: १० लिटरला १ ग्रॅम टाकलं की जवळपास १० पीपीएम मॅग्नेशियम आणि १३ पीपीएम गंधक वाढतं. आणि ए, बी बाटल्यांतलं दाट द्रावण एकमेकांत कधीच ओतायचं नाही. एकीतलं कॅल्शियम दुसरीतल्या सल्फेट-फॉस्फेटशी जुळून साका होतो. एक घालून ढवळायचं, मग दुसरं.

ओलीपाटी
सुरू केलं. रोज पीएच लिहून ठेवतेय. तीन आठवड्यांनी येते.

ओलीपाटी
मंडळी, तीन आठवडे आणि दोन दिवस झाले. वहीत लिहिलंय तसंच सांगते.

पीएचने पहिल्या आठवड्यात छळलं. रोज संध्याकाळी ६.७-६.८ वर गेलेला. काकांनी सांगितल्याप्रमाणे पाण्याला आधीच आम्ल देऊन रात्रभर ठेवायला लागले, तेव्हापासून तीन-तीन दिवस हात लावावा लागत नाही.

लोहाच्या बादलीत सहाव्या दिवशी नवीन पानांची जोडी हिरवी निघाली. नुसत्या पीएचच्या बादलीत नवव्या दिवशी. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही बादल्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येईनात. म्हणजे जास्तीच्या लोहाने तीन दिवस वाचवले, बाकी काम पीएचनेच केलं. आधी पिवळी पडलेली पानं मात्र पूर्ण सुधारली नाहीत, ती मी काढून टाकली.

पण वास? दोन्हीत तसाच, मंद. इथे माझा धीर सुटत होता.

मग दोन्ही बादल्या कठड्याजवळ हलवल्या, आता सहा तासांहून जास्त ऊन मिळतं. पांढरं कापड आहे, तरी दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली सोडते, पाणी २४-२५ वर राहतं. हलवल्यावर सगळी रोपं एकदम छाटली. प्रत्येक बादलीतल्या दोन रोपांची कापणी दहाव्या दिवशी केली. उरलेली दोन-दोन तशीच ठेवलीत, वीस दिवस झाले की कापणार.

तेलबिंदू
कापाल तेव्हा एकट्याने वास घेऊ नका. घरातल्या कुणाला तरी डोळे मिटायला सांगून, क्रम बदलून द्या. आपल्याला जे हवं असतं ते आपल्या नाकाला आधी मिळतं.

ओलीपाटी
केलं. घरातल्या तिघांना डोळे मिटायला लावून दिलं. दहा दिवसांची पानं, वीस दिवसांची पानं आणि मातीतल्या रोपाची. तिघांनीही वीस दिवसांची पानं दहाच्या वर ठेवली. दोघांना मातीतलं आणि वीस दिवसांचं वेगळं सांगता आलं नाही, एकाला मातीतलं थोडं जास्त वाटलं. लोह जास्त घातलेली बादली आणि साधी बादली यांच्यात कुणालाच फरक कळला नाही.

दहा दिवसांची पानंही आधीच्या सावलीतल्या पानांपेक्षा बरी आहेत, पण ती तुलना आठवणीतली आहे, म्हणून तिच्यावर फार भर देत नाही. पानं आता लहान आणि जाडसर आहेत. भिंगातून खाली ठिपके दिसले, तेलबिंदू, तुमच्यामुळे. किती वेळ बघत बसले होते.

रानवाट
छान नोंदी ठेवल्यात. पुढच्या खेपेला मीही खत बंद न करता नुसतं ईसी १.४ वर आणून बघतो, शेजारी एक बादली १.८ ची ठेवून.

जुनं_खोड
वीस दिवस थांबायचं म्हटलं की कळ्यांकडे लक्ष ठेवा. कळी दिसली की लगेच कापा, कारण नंतर रोपाची ताकद फुलाकडे जाते. कापताना खाली दोन-तीन पेरं ठेवा, तिथून फुटवे येतात. आणि मुळं. पुदिन्याची मुळं दोन महिन्यांत बादली भरतात, मधल्या गाभ्यापर्यंत हवा जात नाही. कापणीच्या दिवशीच खालची एक तृतीयांश मुळं स्वच्छ कात्रीने छाटा.

नवा_फुटवा
सगळा धागा वाचला, खूप शिकलो. माझी अडचण जरा वेगळी. बंद खोलीत एलईडी दिव्याखाली पुदिना आहे. पीएच ५.९, ईसी १.७. सगळ्यात नवीन पानांच्या कडा करपतात आणि पानं वाकडी होतात. कॅल्शियम कमी असेल म्हणून कॅल्शियम नायट्रेट १० लिटरला २ ग्रॅम वाढवलं, तरी तेच. आणखी वाढवू का? की सिलिका देऊ?

प्रयोगवही
आणखी वाढवू नका. त्या २ ग्रॅमने तुम्ही ३८ पीपीएम कॅल्शियमसोबत ३१ पीपीएम नत्रही घातलंत, म्हणजे कोवळी वाढ आणखी वेगाने होणार. लक्षण कॅल्शियमचंच आहे, पण बहुतेक ते पाण्यात कमी नाही, पानापर्यंत पोचत नाहीये. कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि तो प्रवाह पानातून पाणी उडालं तरच चालतो. बंद, दमट खोलीत शेंड्याच्या मिटलेल्या पानांतून पाणी उडतच नाही. खोलीत पंखा आहे का?

नवा_फुटवा
नाही. दार-खिडकी बंद असते. आर्द्रता ८५ टक्के दाखवतोय.

प्रयोगवही
मग आधी छोटा पंखा लावा, शेंडे हलके डुलतील इतपतच, आणि आर्द्रता ६०-६५ पर्यंत येऊ द्या. पुढच्या द्रावणात कॅल्शियम नायट्रेट मूळ मापावर आणा. सिलिका तूर्त नको. पोटॅशियम सिलिकेट चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच वर ढकलतं. द्यायचंच झालं तर नुसत्या पाण्यात सगळ्यात आधी घालून, पीएच उतरवून, मग खत घालावं लागतं. तो प्रयोग कडा करपणं थांबल्यावर करा.

करपलेली पानं तशीच राहतील, त्यांच्याकडे बघून निर्णय घेऊ नका. पंखा लावल्यानंतर उघडणारी तिसरी जोडी कशी निघते ते इथे लिहा.